दंतविद्यालयाच्या दारांत

आपल्याकडे दांतांची आठवण दांत दुखूं लागल्यावांचून कोणास होत नाहीं, आणि दंतवैद्याच्या धंद्याची आठवण मुलाला वैद्यकीय महाविद्यालयांत जागा मिळाली नाहीं म्हणजे होते. हें लिहितांना मला संकोच वाटतो. कारण आमच्याच घरीं असें झालें. माझी पुतणी, जिला घरांत लहानथोर सर्वच ताई म्हणतात, बारावीनंतर ‘नीट’ परीक्षेस बसली. ७२० पैकीं जितके गुण पडले, तितक्यांत एम्. बी. बी. एस्. ला जागा नव्हती, बी. डी. एस्. ला होती, म्हणून ती दंतशास्त्राकडे गेली. ‘तुला दांतांचा वैद्य कां व्हावयाचें आहे?’ हा प्रश्न तिला त्या वेळीं सरकारनें विचारला नाहीं, महाविद्यालयानें विचारला नाहीं आणि आम्हीं घरच्या मंडळींनींहि विचारला नाहीं. तो प्रथम विचारला गेला तो दहा वर्षांनीं, अमेरिकेंतील एका दंतविद्यालयाच्या मुलाखतींत. आणि तेथें तिला त्याचें उत्तर देतां आलें नाहीं.

ही हकीकत एकट्या आमच्याच घरची असती, तर ती मासिकाच्या पानावर आणण्याचें कारण नव्हतें. परंतु हल्लीं एखादा मुलगा, मुलगी, सून वा जांवई अमेरिकेस गेलेला नाहीं, अशीं सुशिक्षित कुटुंबें थोडींच सांपडतील. बी. डी. एस्. झालेली मुलगी लग्न होऊन तिकडे जाते, नवऱ्याच्या आधारानें मिळालेल्या व्हिसावर राहते, आणि मग ‘आतां पुढें काय?’ या प्रश्नावर इकडून सल्ल्यांचा पाऊस पडूं लागतो. सल्ला देणारांपाशीं कळकळ पुष्कळ असते, माहिती थोडी. ताईच्या निमित्तानें मला जी माहिती करून घ्यावी लागली, ती अशा घरांच्या उपयोगीं पडावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पहिली गोष्ट ही, कीं आपल्याकडील दंतवैद्यास अमेरिकेंत उतरल्याबरोबर दवाखाना थाटतां येत नाहीं. तेथें धंद्याचा परवाना प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनीं देतें, आणि बहुतेक राज्यांचा मूळ दंडक असा आहे, कीं अर्जदार हा तेथील दंतशिक्षण-मान्यता मंडळानें मान्य केलेल्या विद्यालयाचा पदवीधर असावा. आपल्याकडील चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची उमेदवारी तेवढ्यानें पुरी पडत नाहीं. म्हणून येथें पांच-सात वर्षें रोगी तपासलेल्या बाईलाहि तेथें पुन्हां विद्यार्थिनी व्हावें लागतें.

यांत अपमान मानण्याचें कारण नाहीं. जगांतील पहिलें दंतविद्यालय १८४० सालीं अमेरिकेंतच, बाल्टिमोर शहरीं, होरेस हेडन व चॅपिन हॅरिस या दोघांच्या खटपटीनें निघालें. पुढें १८६७ सालीं हार्वर्ड विद्यापीठानें आपलें दंतविद्यालय काढलें. बाल्टिमोरनें डी. डी. एस्. ही पदवी दिली व हार्वर्डनें डी. एम्. डी.; आजहि तेथें हीं दोन्ही नांवें चालतात, पण दोहोंची योग्यता एकच. आपल्या देशांत या विद्येचा पाया घालणारे डॉ. रफीउद्दीन अहमद हे आयोवा विद्यापीठांतूनच १९१५ सालीं पदवीधर झाले होते, आणि परत आल्यावर १९२० सालीं त्यांनीं कलकत्त्यास पहिलें दंतविद्यालय स्थापिलें. तेव्हां या विद्येपुरतें तरी अमेरिकेचें व आपलें नातें जुनें आहे.

तेथील दंतविद्यालयांत शिरण्यास दोन दारें आहेत. पहिलें दार तेथेंच वाढलेल्या मुलांचें. तीं बहुधा आधीं महाविद्यालयाची पदवी घेतात आणि मग चार वर्षांच्या दंतशिक्षणासाठीं अर्ज करतात. बहुतेक विद्यालयांसाठीं एकच सामाईक अर्ज असतो. त्यांत गुणपत्रिका, शिक्षकांचीं शिफारसपत्रें आणि ‘मला हा धंदा कां करावासा वाटतो’ याविषयींचें ४५०० अक्षरांच्या मर्यादेंतील स्वतःचें निवेदन द्यावें लागतें. जोडीला ‘डॅट’ नांवाची प्रवेशपरीक्षा असते. तींत जीवशास्त्र, रसायन, वाचन व गणित यांबरोबर ९० प्रश्नांचा एक निराळाच भाग आहे. घडी घातलेल्या कागदाला भोंक पाडलें, तर उलगडल्यावर तीं कोठें दिसतील. दिलेल्या चार कोनांचा लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम कोणता. असे ते प्रश्न. दंतवैद्याला तोंडाच्या अंधारांत, आरशांत उलटें पाहून काम करावयाचें असतें. म्हणून ही डोळ्याची पारख. अर्ज साधारणतः मे-जूनच्या सुमारास घेऊं लागतात, मुलाखती उन्हाळ्याच्या अखेरीपासून हिंवाळ्यापर्यंत चालतात, आणि जागा दिल्याचीं पत्रें डिसेंबरांत निघूं लागतात. कित्येक विद्यालयें आलेले अर्ज तसतसे पाहत जातात. म्हणून शेवटच्या तारखेची वाट पाहणारा आपलेंच नुकसान करून घेतो.

दुसरें दार परदेशांत दंतवैद्य झालेल्यांचें, म्हणजे आपल्या ताईचें. त्यांच्यासाठीं ‘कॅपिड’ नांवाची निराळी अर्जसेवा आहे. या दारानें आंत गेलेल्यास पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाहीं. बहुधा दोन ते तीन वर्षांत पदवी मिळते. मात्र त्यापूर्वीं इंग्रजीची परीक्षा, येथील गुणपत्रिकांचें तिकडील मापानें मूल्यमापन आणि ‘आय. एन्. बी. डी. ई.’ ही राष्ट्रीय परीक्षा, इतके डोंगर ओलांडावयाचे असतात. ही परीक्षा २०२० सालीं सुरू झाली. दोन दिवसांत ५०० प्रश्न, आणि निकाल फक्त ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’. गुणांची चढाओढ तेथें नाहीं. आपल्या मुलांना हेंच प्रथम उमगत नाहीं. गुणांवरून निवडतां येत नाहीं, तेव्हां निवडणारांची नजर साहजिकच इतर गोष्टींकडे वळते. कित्येक विद्यालयें हाताची परीक्षा घेतात. कृत्रिम जबड्यांतील दांत दिलेल्या वेळांत कोरून, भरून किंवा मुकुट बसविण्याजोगा घडून दाखवावा लागतो. आणि मग येते मुलाखत.

मुलाखतीच्या दोन रीति आहेत. जुनी रीति म्हणजे एक-दोन प्राध्यापक, कधीं एखादा विद्यार्थीहि, समोर बसून अर्धा-पाऊण तास गप्पा मारल्यासारखे प्रश्न विचारतात. नवी रीति कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठानें या शतकाच्या आरंभीं काढली. तींत अनेक लहान लहान मुलाखती ओळीनें असतात. दारावर एक प्रसंग लिहिलेला. तो वाचण्यास एक-दोन मिनिटें, आंत जाऊन बोलण्यास सात-आठ. घंटा झाली कीं पुढच्या दाराशीं. एखादा रोगी खर्चाला भिऊन म्हणतो, ‘बरा होण्याजोगा दांतहि काढूनच टाका’. तुम्ही काय कराल? तुमची जिवलग मैत्रीण परीक्षेंत नक्कल करतांना दिसली. तुम्ही काय कराल? या प्रश्नांना पुस्तकांत उत्तर नसतें. २०२० सालच्या साथीपासून कित्येक ठिकाणीं या मुलाखती पडद्यावरून होऊं लागल्या, आणि कांहीं विद्यालयांनीं ती सोय पुढेंहि ठेविली.

ताईची पहिली मुलाखत अशीच पडद्यावरून झाली. तयारी तिनें आपल्या पद्धतीनें, म्हणजे पाठांतरानें, केली होती. शंभर प्रश्न आणि त्यांचीं शंभर उत्तरें वहींत उतरून काढलेलीं. ‘दंतशास्त्रच कां?’ असें विचारतांच तिनें दांत हा शरीराचा आरसा आहे, मानवसेवा हें माझें ध्येय आहे, असें घडघड म्हणून दाखविलें. ‘तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा,’ असें म्हणतांच ‘मी फार काम करतें, हाच माझा दोष,’ असें वहींतील उत्तर दिलें. विचारणारे गृहस्थ सौजन्यानें हंसले. पुढें कांहीं आठवड्यांनीं नकाराचें पत्र आलें.

दुसऱ्या वर्षीं पुन्हां अर्ज करण्यापूर्वीं तिनें मला फोन केला. ‘काका, तुम्ही इतकीं वर्षें शिकविलेंत, माझी तोंडी परीक्षा घ्या.’ दर रविवारीं सकाळीं आमच्या माजघरांत पडद्यासमोर ही परीक्षा भरूं लागली. मी प्रश्न विचारावे, तिनें उत्तर द्यावें, आणि घरांतील मंडळींनीं येतां जातां ऐकावें. तिसऱ्या रविवारीं मीं तोच चुकीचा प्रश्न विचारला, आणि तिनें पुन्हां कसलेंसें गुळगुळीत उत्तर दिलें. शेजारीं भाजी निवडीत बसलेली माझी आई एकदम म्हणाली,

“अगं, हें तूं कोणाचें सांगते आहेस? तूं त्या खेड्याहून आलीस, तेव्हां ओट्यापाशीं उभी राहून तासभर त्या पोरीविषयीं बोलत होतीस. तें कां नाहीं सांगत?”

“आजी, ती तर माझी चूकच झाली होती.”

“मग चूकच विचारताहेत ना ते?”

ती हकीकत अशी. उमेदवारीच्या वर्षीं ताईच्या महाविद्यालयाचें शिबिर यवतमाळ जिल्ह्यांतील एका खेड्यांत गेलें होतें. तेथील शाळेंत कित्येक मुलांच्या दांतांवर पिवळे-तपकिरी डाग होते. पांचवींतील एक मुलगी हंसतांना तोंडावर हात धरी. ताईनें साऱ्या वर्गासमोर तिला सांगितलें, ‘रोज नीट दांत घांसत जा, म्हणजे असे डाग पडणार नाहींत.’ संध्याकाळीं बरोबरच्या प्राध्यापकांनीं तिला एवढेंच विचारलें, ‘या गांवचें पिण्याचें पाणी कोठलें?’ पाणी हातपंपाचें होतें. जमिनींतील फ्लोराइड प्रमाणाबाहेर असलेलें पाणी, दांत हिरड्यांच्या आंत घडत असतांना पोटांत जात राहिलें, तर डाग दांताच्या कवचांतच उमटतात. मग कितीहि घांसले तरी ते जात नाहींत. विदर्भांत व मराठवाड्यांत कांहीं भागांत हा विकार आहे, हें ताईनें पुस्तकांत वाचलेलें होतें. मुलीसमोर उभी असतांना तिला तें आठवलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती त्या वर्गांत पुन्हां गेली आणि सर्वांच्या देखत म्हणाली, ‘काल मीं चुकीचें सांगितलें. हा दोष हिचा नाहीं, पाण्याचा आहे.’ मुलगी कांहीं बोलली नाहीं. शाळेच्या बाईंनीं मात्र पाणी तपासण्यास कोठें द्यावें, तें विचारून लिहून घेतलें.

एवढी मोलाची गोष्ट पदरीं असून ती सांगावयाची नाहीं, असें ताईला कां वाटलें? दोष तिचा थोडा, आमचा अधिक. आपल्या घरांतून मुलांना ‘बरोबर उत्तर’ द्यावयास शिकवितात. स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानें सांगावयास शिकवीत नाहींत. पाहुण्यांपुढें श्लोक म्हणून दाखविणाऱ्या मुलाचें कौतुक होतें; ‘मला हें येत नाहीं’ म्हणणाऱ्याचें होत नाहीं. खेडें, हातपंप आणि डागळलेले दांत या गोष्टी अमेरिकन प्राध्यापकांपुढें सांगण्याजोग्या नव्हेत, असाहि एक संकोच तिच्या मनांत होता. वास्तविक प्रकार उलटा आहे. अमेरिकेंत १९४५ सालीं मिशिगन राज्यांतील ग्रँड रॅपिड्स शहरानें दांत किडूं नयेत म्हणून पिण्याच्या पाण्यांत मुद्दाम फ्लोराइड मिसळण्यास आरंभ केला, आणि पुढें ही पद्धत देशभर पसरली. तेथें शिफारस केलेलें प्रमाण लिटरला ०.७ मिलिग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा १.५ मिलिग्रॅम. २०२५ सालीं यूटा व फ्लोरिडा या दोन राज्यांनीं हें मिसळणें कायद्यानें बंद केलें, आणि त्यावर मोठा वाद माजला. अशा वेळीं, फ्लोराइड अति झालें म्हणजे काय होतें, तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेला उमेदवार किती विचारपूर्वक बोलूं शकेल! तीच गोष्ट आपल्याकडील मिशरीची व गुटख्याची. तंबाखूनें पोळलेलीं आणि सुपारीनें आंखडलेलीं तोंडें आपल्या उमेदवारांनीं जितकीं पाहिलेलीं असतात, तितकीं तिकडील थोड्याच विद्यार्थ्यांनीं पाहिलीं असतील.

तेव्हां मुलाखतीची तयारी म्हणजे नवीं उत्तरें जमविणें नव्हे, तर आपलेंच आयुष्य नीट आठवून पाहणें होय. पुढच्या रविवारांत आम्हीं जो क्रम ठरविला, तो थोडक्यांत देतों.

प्रथम आपल्या अनुभवांतील पांच-सहा खरे प्रसंग निवडावे: एक चुकीचा, एक भांडणाचा, एक अपयशाचा, एक रोग्याच्या विश्वासाचा, एक दुसऱ्याच्या हाताखालीं काम केल्याचा. प्रत्येक प्रसंग दोन मिनिटांत सांगतां यावा: काय घडलें, मीं काय केलें, मला काय कळलें. शब्द पाठ करूं नयेत. प्रसंग पाठ असावा. दुसरें, आपण पाठविलेला अर्ज पुन्हां पुन्हां वाचावा, कारण त्यांतील कोणत्याहि ओळीवर प्रश्न येऊं शकतो. दुसऱ्याकडून वा यंत्राकडून लिहवून घेतलेलें निवेदन येथेंच उघडें पडतें. तिसरें, ज्या विद्यालयांत जावयाचें, त्याची माहिती करून घ्यावी: तेथील दवाखान्यांत कोणत्या थरांतील रोगी येतात, विद्यार्थी प्रत्यक्ष काम केव्हां करूं लागतात. शेवटीं ‘तुम्हांला कांहीं विचारावयाचें आहे काय?’ असें म्हणतील, तेव्हां गप्प बसूं नये.

चौथें, नीतीचे प्रश्न. अमेरिकन दंतवैद्यांच्या संघाची जी आचारसंहिता आहे, ती पांच तत्त्वांवर उभी आहे: रोग्याचा निर्णय घेण्याचा हक्क, अपाय न करणें, हित करणें, न्याय आणि सत्य. प्रसंग कोणताहि येवो, यांपैकीं कोणत्या दोहोंत झगडा आहे तें ओळखलें, कीं बोलण्यास दिशा सांपडते. दांत काढून टाका म्हणणाऱ्या रोग्याच्या बाबतींत पहिलें तत्त्व एकीकडे ओढतें आणि तिसरें दुसरीकडे. ‘आधीं मी त्याला खर्चाचें विचारीन, स्वस्त उपाय आहे का तें सांगेन,’ असें म्हणणारा उमेदवार हुकूम सोडणाऱ्यापेक्षां बरा ठरतो. पांचवें, प्रश्न ऐकून क्षणभर थांबावें. ‘मला विचार करूं द्या,’ म्हणण्यांत कमीपणा नाहीं. न येणारें न येणारें म्हणून सांगावें.

आणि हें सर्व मोठ्यानें, माणसांसमोर बोलून करावें. येथें एकत्र कुटुंबाचा उपयोग फार. आमच्या माजघरांत धाकटा पुतण्या घड्याळ धरी, वहिनी मध्येंच ‘हें समजलें नाहीं’ म्हणून अडवीत, आणि इंग्रजी न समजणारी आई चेहरा पाहून सांगे, ‘आतां ती खरें बोलते आहे,’ किंवा ‘आतां पाठ म्हणते आहे.’ तिचा अंदाज क्वचितच चुके.

वडील मंडळींना दोन शब्द स्पष्ट लिहिणें जरूर आहे. हा मार्ग खर्चाचा आहे. तेथील दंतविद्यालयांतून कर्ज काढून बाहेर पडणाऱ्या पदवीधराच्या डोक्यावर सरासरीनें सुमारें ३ लाख डॉलर कर्ज असतें. परदेशी दंतवैद्यांचा अभ्यासक्रम कमी वर्षांचा असला, तरी कांहीं ठिकाणीं त्याची एका वर्षाची फीच लाखभर डॉलर होते, आणि कर्जाला बहुधा तेथील जामीनदार लागतो. म्हणून अर्ज करण्यापूर्वींच पतिपत्नींनीं व दोन्ही घरच्या वडिलांनीं हिशेब मांडावा. ‘अमक्याच्या सुनेला पहिल्याच वर्षीं जागा मिळाली,’ हें वाक्य घरांत उच्चारूं नये. ‘डॉक्टर होऊन पुन्हां शाळेंत?’ हेंहि नको.

या दुसऱ्या आक्षेपाला इतिहासांतच उत्तर आहे. ल्यूसी हॉब्स नांवाच्या बाईला ओहायो येथील दंतविद्यालयानें ती स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. तिनें एका दंतवैद्याच्या हाताखालीं विद्या शिकून आयोवांत स्वतःचा दवाखाना चालविला. पुढें १८६५ सालीं त्याच विद्यालयानें तिचा अनुभव जमेस धरून तिला एकदम वरच्या वर्गांत घेतलें, आणि १८६६ सालीं ती दंतशास्त्राची पदवी मिळविणारी पहिली स्त्री झाली. धंदा करीत असलेली बाई पुन्हां विद्यार्थिनी झाली, यांत तिची पायरी उतरली असें आज कोणी म्हणत नाहीं. आज तेथील दंतविद्यालयांत शिरणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुलीच असतात.

त्या वर्षीं ताईला तीन ठिकाणांहून मुलाखतीचें बोलावणें आलें. दोन ठिकाणीं नकार मिळाला आणि एका ठिकाणीं जागा मिळाली. त्या मुलाखतींत तिनें त्या पांचवींतील मुलीची हकीकत सांगितली. ऐकणाऱ्या प्राध्यापिकाबाईंनीं एकच प्रश्न विचारला: ‘दुसऱ्या दिवशीं परत जाणें कठीण गेलें का?’ ताई म्हणाली, ‘हो, फार.’ कर्जाचा बोजा आहे, अभ्यास कडक आहे, आणि वर्गांतील मुलें तिच्याहून लहान आहेत. पण ती तेथें आहे.

पुढच्या वर्षीं आमचा धाकटा पुतण्या बारावीस बसेल. त्याचे गुण किती पडतील, तें परीक्षा सांगेल. परंतु ‘तुला काय व्हावयाचें आहे, आणि कां?’ हा प्रश्न या खेपेस आम्हीं परक्यांवर सोंपविलेला नाहीं. गेल्या रविवारीं माजघरांत तो त्याला विचारला. उत्तर अजून आलेलें नाहीं. तो विचार करतो आहे, आणि त्याला विचार करूं द्यावा, असें आईनें सर्वांस बजावलें आहे.